ऑर्विनची अर्धी सही

विस्कॉन्सिनच्या त्या काउंटीत आर्लिस टवेटन सत्तावीस वर्षं शेतकी कचेरीत होती. कुणाकडे किती गाई, कुणाचा कुणाशी अबोला, सगळं तिला तोंडपाठ. कोरोनाच्या साथीत कचेरीचं दार बंद झालं. सरकारी मदतीचे अर्ज दारातल्या पेटीत पडू लागले, आणि ज्यांचे पडत नव्हते त्यांना आर्लिसने फोन करकरून भंडावून सोडलं. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मुदत संपत होती. तिच्या यादीत एकच नाव उरलं होतं: ऑर्विन हॉगस्टॅड. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा जीव, चाळीस गाई. एप्रिलमध्ये डेअरीने दूध नाकारलं तेव्हा पाच दिवसांचं दूध त्याने शेणाच्या खड्ड्यात सोडलं होतं.

"फुकटचं घेणार नाही," त्याने तिला जूनमध्येच सुनावलं होतं. "तुझ्या बापानं घेतलं असतं का, सांग?"

त्या दिवशी अडीचपर्यंत तिने सातदा फोन लावला. कुणी उचलला नाही. कुणाच्या घरी जायचं नाही, असं साहेबांनी बजावलेलं. "जेवून येते," म्हणून ती अर्ज घेऊन निघाली.

गाडीतून उतरताच तिला गाईंचं हंबरणं ऐकू आलं. कासा तट्ट फुगलेल्या, सडांतून दूध ठिबकत होतं. सकाळचं दूध काढलेलंच नव्हतं. गोठ्याच्या भिंतीला टेकून ऑर्विन बसला होता. ओठ निळसर, छाती भात्यासारखी हलत होती.

"लांब राहा, पोरी. तोच ताप आहे."

"कधीपासून?"

"मंगळवार."

तिने रुग्णवाहिका बोलावली, मग नवऱ्याला फोन केला. "डेल, मास्क लाव आणि ऑर्विनच्या गाई पिळायला ये. लगेच."

रुग्णवाहिकेला पंचवीस मिनिटं होती. तिने गोठ्यातल्या एका फळीवर अर्ज आणि पेन ठेवून फळी लांबूनच त्याच्याकडे सरकवली. सरकवताना तिची तिलाच लाज वाटली.

"मरायला टेकलोय, आणि तू सही मागतेस?"

"गाई विकायच्या असतील तर नका करू."

त्याने गाईंकडे पाहिलं. पेन उचललं, पहिली काही अक्षरं ओढली, आणि खोकल्याची ढास लागून पेन हातातून गळून पडलं.

चारला ती कचेरीच्या आवारात गाडीतच बसून होती. साडेचारला पेटी बंद होणार. कागदावर नुसतं "ऑर्वि". ती सही तिने शंभरदा पाहिलेली. उरलेली अक्षरं ओढली असती तर कुणाला कळलंही नसतं. पेन तिच्या हातात होतं.

तिने पेन पर्समध्ये टाकलं आणि साहेबांना फोन करून सगळं सांगितलं, घरी गेल्याचंही.

"तू पेटीपाशीही येऊ नकोस," साहेब म्हणाले. "चौदा दिवस घरी बस. आणि हे तुझ्या नोंदीत जाणार, आर्लिस."

"जाऊ द्या."

सोमवारी बातमी आली: मुदत दोन आठवड्यांनी वाढली. आर्लिसला ताप आला नाही. ऑर्विन मात्र तीन दिवस जगतो का मरतो, असा होता. आठव्या दिवशी इस्पितळातून त्याचा फोन आला. आवाज घोगरा.

"तो कागद मेलवर पाठव. नर्स छापून देईल म्हणते."

"पाठवते."

"तिसऱ्या खुंट्याची गाय डेलला लाथा मारते का?"

"दोनदा मारल्या."

"मग बरी आहे," तो म्हणाला, आणि खोकत खोकत हसला.