बर्फातल्या माशाचा चिकटा

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या लॅबमध्ये आम्ही गार पाण्यात डाग काढणारी पावडर बनवत होतो. तिचा सगळा जीव एका जिवाणूत होता, थंड समुद्रातून आणलेल्या. आपण गारठतो तेव्हा हा कामाला लागतो. त्याचं एन्झाइम रक्ताचा, दुधाचा डाग पाणी न तापवताच फोडतं. कारखान्याची, घराघरातली वीज वाचेल, म्हणून साहेबांची सगळी भिस्त त्याच्यावर.

आणि मी त्याला मारलं!

आधी मी माजिवड्याला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये होते. तिथे काहीही वाढवायचं तर सदतीस डिग्री, माणसाच्या अंगाची ऊब. हाताला तीच सवय. शनिवारी निघायच्या घाईत जिवाणूची मूळ नळी आणि तिच्यातून पेरलेल्या नव्या डिश, सगळंच उबेच्या कपाटात ठेवून मी कोपरीला घरी आलेले. सोमवारी बघते तर डिश कोऱ्या करकरीत, नळीतलंही मेलेलं. माझ्यासारखी गाढव मीच. साहेब ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "पंधरा दिवस देतो. त्यात काही हाती लागलं नाही, तर हे काम बंद आणि तुमचंही."

माझी आई कोळीण, ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. कॉलेजात असताना माझ्या ओढणीला वास येईल म्हणून मी तिच्याशेजारी बसायचे नाही. त्या दिवशी मात्र तिच्यासमोरच सगळं सांगत रडले.

"अगं बाय, गारव्यातलं जित्राब उबेला कशाला घातलंस?" ती म्हणाली. "आनि रडतेस काय? बर्फातला मासापन चार दिसांनी बुळबुळतो. त्याला कोन नासवतो मग?"

म्हणजे गारव्यात जगणारा जिवाणू बर्फातल्या माशावरच होता. एवढं शिकून मला हे सुचू नये! तिच्या थर्माकोलच्या खोक्यात उरलेली सुरमई होती. त्या माशाच्या अंगावरचा चिकटा कापसाच्या काडीवर घेतला आणि बर्फात घालून लॅबमध्ये नेला. या वेळी दहा डिग्री. सहाव्या दिवशी दूध घातलेल्या डिशवर एक ठिपका उगवलेला, भोवती स्वच्छ कडं. दूध त्याने फस्त केलेलं. पुढे तो वाढवलेलं पाणी रक्ताच्या चिंधीवर गारच घातलं, तर डाग सुटला.

"शाब्बास! कुठे मिळाला?" साहेबांनी विचारलं.

"बाजारात. एका कोळणीकडे." माझी आई म्हणायला जीभ वळली नाही. नोंदीच्या कागदावरही तेवढंच लिहिलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं, जमलं म्हणून. तिने पहिलं काय विचारावं? "माझा नाव सांगितलास काय गं?"

"नाही."

तिने हुश्श केलं. "बरा झाला. माझ्या पाटीतला मासा नासका म्हनून बाजारभर बोभाटा झाला असता. लेक माझी हुशार, आईची अब्रू सांभाळली." आणि कालवणातली मोठी तुकडी तिने माझ्या ताटात वाढली.

मी मान खाली घालून "हो" म्हणाले आणि जेवले.