विहीणबाईंच्या ओट्यासमोरची फरशी

फरशीकाकांनी गावभर घरोघरी फरश्या बसवल्या, पण त्यांच्या स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगाखाली दगड, जिन्यात दगड. बायको म्हणायची, "सवत आणलीत, तीही दगडाची!"

याचं मूळ एका संग्रहालयात. लेकीच्या लग्नानंतरच्या वर्षी काका तिथं कामाला गेले आणि काचेमागे एक दगड दिसला. त्यावर तीन बोटांचा खळगा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी ओल्या चिखलातून गेलेल्या जनावराचं पाऊल! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. असले खळगे त्यांनी कितीदा पाहिले होते, आणि गिऱ्हाईक नाक मुरडेल म्हणून त्या फरश्या पालथ्या घालून सिमेंटात गाडल्या होत्या.

तेव्हापासून सुट्टी म्हणजे खाणीतला टाकाऊ ढिगारा. कडेला कड जुळवत त्यांनी एका जनावराची चाल, पावलापुढे पाऊल, मांडली. ती आता संग्रहालयाच्या नव्या दालनात लागणार होती, काकांच्या नावानं. पण एका कडेशी चाल तुटत होती. पुढच्या फरश्या कुठं आहेत, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या सासरी, स्वयंपाकघरात. लग्नाआधी त्याच खाणीतल्या, त्याच थराच्या फरश्या त्यांनीच हौसेनं बसवून दिल्या होत्या.

लेकीला बोल लागेल म्हणून काका वर्षानुवर्षं गप्प राहिले. शेवटी मनाचा हिय्या करून गेले.

"दगडासाठी नांदतं घर उकरायचं?" विहीणबाई कडाडल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना, व्याही?"

"राहू द्या. चुकलंच माझं," म्हणत काका उठले.

"ओट्यासमोरची तेवढी काढू द्या ना, आई," लेक सासूला म्हणाली. "तिथं दिवसभर मीच तर उभी असते."

सून कधी काही मागत नसे. विहीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "एकच," त्या म्हणाल्या.

काकांनी छिन्नीनं कडा मोकळ्या केल्या, फरशी उलटली, ओल्या फडक्यानं पुसली. मोठ्या पावलांशेजारी इवली पावलं होती, अंगठ्याएवढी. आईची एक ढांग, तर पिल्लाची धावतपळत चार. फरशी संपता संपता इवली पावलं दिसेनाशी झाली, आणि मोठं पाऊल मागे वळलेलं होतं.

काकांनी लेकीकडे पाहिलं. एवढं सगळं आपल्या लेकीच्या पायाखाली होतं, आणि झाकलं होतं आपणच!

विहीणबाई खाली बसल्या. त्यांनी इवल्या पावलावर हलकेच बोट ठेवलं.

"पिल्लू कुठं गेलं हो?"

"पुढच्या फरशीवर कळेल. पण तुम्ही एकच म्हणालात..."

"बोलत काय बसलात, व्याही?" विहीणबाईंनी शेजारच्या फरशीवरचे धान्याचे डबे भराभरा बाजूला ओढले. "उचला!"