साठ वॅटचं मशीन

मला अजून राग येतो. पन्नास वर्षं होत आली तरी येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव भोरपासून दोन कोसांवर. जयंतीच्या मिरवणुकीला भोरहून भाड्यानं स्पीकर यायचा. एक मशीन, दोन कर्णे आणि ते चालवायला एक माणूस. ॲम्प्लिफायर हा शब्द आमच्यात कुणाच्या तोंडी नव्हता, सगळे त्याला मशीनच म्हणत. मिरवणूक आमच्या बौद्ध वस्तीतून निघायची, शाळेपर्यंत कर्णे नुसते दणाणून सोडायचे, आणि मोठ्या आळीच्या तोंडाशी आलो रे आलो की त्या माणसाचा हात मुकाट्यानं मशीनच्या बटणावर जायचा. आवाज एकदम बारीक! आळी संपली की पुन्हा मोठा. मी एकदा त्याला धरलंच. तर म्हणतो कसा, "हितं बारीक करायचं असतंय, ताई." कुणी सांगितलंय? कुणीच नाही. असतंय म्हणजे असतंय.

मिरवणुकीत गाणी म्हणायची माझी आत्या. काय गळा होता बाईचा! ओढ्यापलीकडं खुरपणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. त्याच मोठ्या आळीत ती रोज कामाला जायची, गोठे झाडायची आणि मागच्या दारानं परत यायची. तिला एकच हौस होती. "एकदा त्या आळीत मोकळ्या गळ्यानं म्हणायचंय गं. मंग मेले तरी चालंल." हे ती हसत म्हणायची, पण दर जयंतीला आळी संपली की ती मागं वळून वळून त्या आळीकडं बघायची. ते मी बघितलेलं आहे.

म्हणून आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं ठरलं. जयंती मंडळाचे अध्यक्ष माझे काका, आत्याचा धाकटा भाऊ. ते एका ठेकेदाराची जीप चालवायचे. मिरवणुकीपुरती ती जीप मिळणार होती आणि तिच्याच बॅटरीवर मशीन चालणार होतं. एसटीनं पुण्याला गेलो, काका, आणखी दोघं जण आणि मी. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी कागद वाचता येत होता, म्हणून मला नेलं.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं शांतपणे समजावलं. कर्ण्याच्या बुडाशी युनिट असतं, आवाज तेच काढतं. तुम्ही निवडलेल्या कर्ण्यांची ही दोन युनिटं पंधरा-पंधरा वॅटची, म्हणजे मशीन तीस वॅटचं घ्या, जास्तीचं घेऊ नका. खोक्यातल्या कागदावरही तेच लिहिलेलं, मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांनी काय करावं? शेजारचं साठ वॅटचं मशीन उचललं आणि भोपळा तोलावा तसं हातात तोललं. "ह्ये जड हाय. ह्येच घ्यायचं."

"काका, कर्ण्यांना झेपायचं नाही ते. जळतील."

"तुला वाचाया आणलीया. वाच, बोलू नको."

भर दुकानात, परक्या माणसांसमोर! आणि बरोबरचे दोघं फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येताना मशीन काकांच्या मांडीवर होतं, तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी धरलेलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी जीपवर कर्णे बांधले. सगळी वस्ती गोळा झाली. काकांनी माईक धरला, "हॅलो, हॅलो" केलं आणि बटण पार शेवटपर्यंत पिळलं. डाव्या कर्ण्यातून फट्‌ झालं, जळका वास सुटला, संपलं. आणि सगळे बघतायत माझ्याकडे, जणू मीच जाळलं! आत्या तेवढी त्या मुक्या कर्ण्याकडे बघत होती. "आता गं कसं?" एवढंच म्हणाली.

मग मी बोलले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकांच्या हातातला माईक ओढून घेतला, उरलेल्या कर्ण्यावर बटण जरा जरा करत वाढवत नेलं, आणि आवाज फाटायच्या अलीकडं थांबवून मशीनवर खडूची रेघ मारली. "ह्या रेघेच्या पुढं कुणी नेलं तर बघाच," म्हटलं. काका खाली मान घालून "बरं बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एका कर्ण्यावर निघालो. काका जीप चालवत होते, मी शेजारी, मधे मशीन. मागच्या बाजूला आत्या माईक घेऊन उभी, आणि जीपमागं सगळी वस्ती. एकच कर्णा, पण काय लागला होता तिचा आवाज! शाळा मागं पडली. मोठ्या आळीचं तोंड आलं आणि काकांचा डावा हात गिअरवरून उठला, मशीनकडे आला.

मी फाडकन्‌ मारला त्या हातावर. "काढा हात!"

"अगं, युनिट जळंल."

"रेघेवर आहे ते. काढा म्हणते ना!"

"सवयीनं गेला गं," काका म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मशीन आमचं, माणूस आमचा, बारीक करा म्हणायला कुणीसुद्धा आलेलं नाही, आणि तरी हात गेला! मला रडावं की आणखी एक ठेवून द्यावी कळेना.

जीप आळीत शिरली. आणि आवाज बारीक झाला.

मी काकांवर वसकन्‌ ओरडणार, तर त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. "म्या न्हाई केलं," ते म्हणाले. मी मशीन बघितलं. बटण रेघेवरच होतं. मग मागं वळले. ओसऱ्यांवर माणसं उभी होती, ज्यांचे गोठे आत्या झाडायची तीच माणसं. आत्याची मान खाली होती. माईक तोंडाशी होता, ओठ हलत होते, आणि आवाज झाडलोट करताना गुणगुणतात तेवढा. तिला कळतही नव्हतं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही. आता कुणाच्या हातावर मारायचं?

"आत्या, मोठ्यानं!" मी ओरडले.

माईक माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. माझे शब्द कर्ण्यातून सबंध आळीत गेले. ओसरीवरचा एक म्हातारा दचकून मागं सरला. काकांनी जीप तिथंच आळीच्या मधोमध उभी केली आणि इंजिन बंद केलं. बोलू नको म्हणाले नाहीत. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग ओसऱ्यांकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि गाणं पहिल्यापासून घेतलं.