आमदारांची दुभाषी

आमदार आले तेव्हा मी लंडनजवळच्या स्लाऊच्या कौन्सिलमध्ये हाउसिंगच्या खात्यात नोकरीला होते. घरमालकाने बाहेर काढलेली, एका खोलीत सहा-सहा जण झोपणारी माणसं माझ्या टेबलापाशी यायची आणि मी त्यांचे अर्ज भरून घ्यायचे. शिवाय मराठी, हिंदी आणि कामापुरती पंजाबी येत असल्यामुळे मला दुभाषी म्हणून कधी हॉस्पिटलमध्ये पाठवायचे, कधी कोर्टात.

या कामाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही, आणि तो ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’च म्हणायचं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. ते मी काटेकोर पाळायचे. डॉक्टरांचं बोलणं गोड करून सासूच्या गळी उतरवणाऱ्या सुनांना मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं करून झापलेलं आहे.

नव्वदीची सुरुवात होती. आमच्या राज्यातले चार आमदार आणि दोन अर्थतज्ज्ञ अभ्यासदौऱ्यावर आले. राज्याचा औद्योगिक विकास कसा करायचा हे शिकायला त्यांना स्लाऊची ट्रेडिंग इस्टेट, म्हणजे तिथली औद्योगिक वसाहत, बघायची होती. अर्थतज्ज्ञांचं इंग्रजी फर्डं होतं. पण आमदारांची वाक्यं आपण इंग्रजीत करून द्यायची, हे त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. म्हणून कौन्सिलकडे दुभाषी मागितला आणि मला जावं लागलं.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचं पत्र आलं होतं. आमचं गाव मराठवाड्यातलं, आणि आमची बौद्ध वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. मी तिथेच वाढले. भावाने लिहिलं होतं की मोजणीवाले वस्तीच्या चारी बाजूंनी चुना टाकून गेले, इथे कारखाने येणार म्हणतात, आणि आम्ही जायचं कुठे ते कुणी सांगत नाही. आपल्याच भागाचे आमदार त्या दौऱ्यात आहेत हे त्याने पेपरात वाचलं होतं. ‘इथं ते आम्हाला दारात उभं करीत नाहीत. तुझ्या गावाला येतायत तर एवढंच विचार,’ असं त्याने लिहिलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत विचारायचं ठरवलं. कामात घरचं आणायचं नाही, हाही माझाच नियम.

सकाळभर त्यांना गोदामं आणि कारखाने दाखवत फिरवलं. काय तो अभ्यास! एकाने कानटोपी सारखी करत विचारलं, इथून ऑक्सफर्ड स्ट्रीट किती लांब. दुसरा यंत्राला पाठ करून फोटो काढून घेण्यात गुंतलेला. आमच्या भागाचे आमदार मला म्हणाले, “ताई, जरा चहाचं बघता का?”

“मी चहाचं बघायला आलेली नाही. तिकडे मशीन आहे, बटण दाबा,” मी म्हटलं. ते हसले, पण तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी ‘ताई’ची ‘ओ मॅडम’ झाले. मला तेच बरं वाटलं.

अकराच्या सुमारास सगळे मीटिंगला बसले. समोर प्लॅनिंगचा इंग्रज अधिकारी, साठीचा, वही उघडून बसलेला. थोरल्या अर्थतज्ज्ञाने प्रोजेक्टरवर जिल्ह्याचा नकाशा लावला. पिवळ्या रंगाने रंगवलेल्या तुकड्यावर त्याची काठी थांबली आणि खाली मला माझ्या गावाचं नाव दिसलं. ओढा दाखवला होता. ओढ्यापलीकडे नुसता पिवळा रंग होता.

रोजगार, गुंतवणूक, मागास भागाचा कायापालट, असं तो अर्धा तास बोलला. मग इंग्रजाने साधा प्रश्न विचारला. या जमिनीवर आत्ता कोण राहतं, आणि त्यांना तुम्ही कुठे घरं देणार?

मी प्रश्न मराठीत सांगितला. आमच्या आमदारांनी नकाशाकडे मान वळवूनही पाहिलं नाही. “सांगा त्यांना, पडीक जमीन आहे. तिथे कुणी राहत नाही.”

मी अर्थतज्ज्ञाकडे बघितलं. या माणसाने मोजणीचे कागद पाहिलेले असणार. तो चष्मा पुसत बसला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, इंग्रजाचं पेन वहीवर टेकलेलं होतं. आणि मी सांगितलं. न अडखळता, स्वच्छ इंग्रजीत, पदरचं काही न घालता. इंग्रजाने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

जेवणाच्या वेळी मी प्लेट न घेताच आमदारांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “साहेब, त्या जागेवर वस्ती आहे. माझा भाऊ राहतो तिथे.”

“कुठली वस्ती?” सँडविच उघडून आत काय आहे ते बघत त्यांनी विचारलं. “आडनाव काय म्हणालात तुमचं?”

मी आडनाव सांगितलं. त्यांनी अर्थतज्ज्ञाकडे पाहिलं. ती नजर मला लहानपणापासून पाठ आहे. तिच्यापासून लांब जायला मी समुद्र ओलांडला होता.

“म्हणजे ओढ्याच्या पलीकडचे. सातबारा आहे का त्यांच्या नावावर?”

“नाही. पण तीन पिढ्या...”

“मग कागदावर कुणीच नाही. तुम्ही बरोबरच सांगितलंत.”

माझ्या अंगाची आग आग झाली. त्या सँडविचसकट त्यांना खिडकीतून बाहेर फेकावं असं वाटलं. मी तरातरा इंग्रजाकडे गेले आणि म्हटलं, “ते उत्तर चुकीचं आहे, तुम्ही खोडा. तिथे माणसं राहतात, त्यात माझं कुटुंब आहे.” तो बिचारा गोंधळला. मागून अर्थतज्ज्ञ आला आणि आपल्या फर्ड्या इंग्रजीत म्हणाला, “बाईंचा काही खाजगी प्रश्न दिसतो, जरा इमोशनल झाल्या आहेत.” इंग्रज मला हळू आवाजात म्हणाला, “शिष्टमंडळ जे बोललं तेच मला नोंदवावं लागतं. दुभाष्याचं म्हणणं मीटिंगच्या मिनिट्समध्ये येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.”

माहीत कसलं, मीच ते नवीन मुलींना शिकवत होते.

दुपारचं सत्र मी केलं नाही. कोट घेतला आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावून विचारलं, तू अशी का वागलीस. मी तिला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण शिष्टमंडळाची तक्रार माझ्या फाइलला लागली.

रविवारी दुपारी मी तालुक्याच्या एसटीडी बूथवर फोन लावला. भाऊ ठरल्या वेळी तिथे येऊन बसायचा. या वेळी तो एकटा नव्हता. वस्तीतली पाच-सहा माणसं बरोबर आली होती, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“आक्का, इचारलंस का?”

“विचारायच्या आधीच तो विषय निघाला. तिथल्या साहेबानेच विचारलं, या जमिनीवर कोण राहतं म्हणून.”

“मग?”

“तिथे कुणी राहत नाही असं सांगितलं त्याला.”

तिकडे भाऊ कुणाला तरी म्हणाला, “थांबा जरा, ऐकू द्या.” मग माझ्यावरच ओरडावं तसा फोनमध्ये ओरडला, “कुनी सांगितलं? आक्का, कुनी सांगितलं आसं?”

आमदारांचं नाव माझ्या ओठांवर होतं. ते घेतलं असतं तर वस्तीने चार दिवस त्यांना शिव्या घातल्या असत्या आणि मी मोकळी झाले असते.

“मी,” मी म्हटलं. “मी सांगितलं.”