क्लेमच्या फळीवरची होडी

सफरचंदाच्या दोन बागा मागे पडल्या, पुलाचा चढ आला, तरी व्हर्ना पर्किस एक शब्द बोलली नव्हती. सुतारकामाच्या शेडपासून घरापर्यंत ह्यूऑन नदीच्या काठाने दीड तासाची चाल. एरवी दर गुरुवारी या वाटेवर मंगलला "हो का?" म्हणण्यापुरतीच जागा मिळायची. आज व्हर्ना उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली फळी छातीशी धरून पुढे चालली होती आणि मंगल थर्मास घेऊन मागे.

"बसू या का जरा?" मंगलने विचारलं.

"मी दमले नाहीये."

"मी दमलेय."

"पन्नाशीतच? कठीण आहे बाई तुझं," म्हणत व्हर्ना रस्त्याकडेच्या ओंडक्यावर टेकली. पण फळी काही मांडीवर ठेवली नाही.

व्हर्नाला शहात्तरावं चालू होतं. पंधराव्या वर्षी ती सफरचंदाच्या पॅकिंगला लागली. एकेक फळ कागदात गुंडाळून पेटीत रचायचं. बावीस वर्षं तेच केलं. पुढे संसार, दोन मुलगे, रविवारी चर्चमध्ये फुलं मांडणं. लाकडाला मात्र ती अडुसष्टाव्या वर्षापर्यंत शिवली नव्हती, कारण घरातलं सगळं लाकूड क्लेमचं. क्लेम, तिचा नवरा, होड्या दुरुस्त करायचा आणि आपल्या फळ्यांना कुणी बोट लावलेलं त्याला खपायचं नाही. मग ती गावातले म्हातारे पुरुष जमून सुतारकाम करत त्या शेडमध्ये गेली. गुरुवार बायकांचा. तिथे मोटारीवरची बारीक करवत होती, तिचं दोऱ्याएवढं पातं उभंच्या उभं नाचायचं. व्हर्नाने तिच्यावर असा हात बसवला की पुढे शिकवायलाही तीच. मंगल या गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं होती, तिलाही व्हर्नानेच धरून नेलं.

काम दिसायला कोरीव, पण छिन्नीचा संबंध नाही. करवतीचं टेबल किंचित कलतं करायचं आणि चित्राच्या रेषेवरून कापत जायचं, सबंध चित्र एकाच दिशेने. कापलेला तुकडा पाचरीसारखा होतो. मागून अंगठ्याने दाबला की वर येतो आणि जेमतेम उंचीवर घट्ट अडकतो. दिशा चुकली तर तोच तुकडा वर यायचा सोडून खाली जातो. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर कापून बघायचं. हा व्हर्नाचा नियम. विसरणाऱ्याला ती सगळ्यांदेखत झापायची.

क्लेम हिवाळ्यात गेला, त्याला आता आठ महिने झाले होते. त्याची रक्षा अजून प्लास्टिकच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या रेडिओशेजारी होती. येत्या रविवारी मुलगे येणार आणि प्रार्थनेनंतर ती चर्चच्या आवारात पुरायची. त्यासाठी पेटी झाली होती, झाकण तेवढं राहिलं होतं. झाकणासाठी क्लेमने तीस वर्षं जपलेली ह्यूऑन पाइनची एकच फळी होती. पिवळी, तेलकट, मातीत न कुजणारी. तसं झाड आता कुणी तोडत नाही. तिच्यावर क्लेमची होडी वर उचलून यायची होती.

"बुडाली," व्हर्ना एकदम म्हणाली.

"काय?"

"होडी, आणखी काय!" तिने अभ्रा काढला. होडी फळीत पाव इंच खाली गेली होती. "काल कुणीतरी टेबल उलट्या बाजूला कलतं करून ठेवलेलं. मी तुकडा कापून पाहिलाच नाही."

"तुम्ही? पाहिलं नाही?"

"सकाळी हात थरथरत नव्हता गं. म्हटलं, स्थिर आहे तोवर कापून घेऊ."

मंगलने चहा ओतून दिला. कप धरताना व्हर्नाला दोन्ही हात लागले.

"माझा गणपती असाच बुडाला होता," मंगल म्हणाली. "तेव्हा तुम्हीच म्हणालात, रडतेस काय, उलटी कर फळी. मागून वर आलेलाच असतो."

"आणि तू केवढं तोंड केलं होतंस! सोंड म्हणे दुसरीकडे वळली."

"उजवीकडे वळली. तसा देव कडक असतो, त्याचं सगळं वेळच्या वेळी करावं लागतं. तेव्हापासून सातला दिवा लावतेय, एक दिवस चुकवला नाही. बुडाला म्हणून टाकून नाही दिला." मग ती हळूच म्हणाली, "होडीचं तोंड समुद्राकडे होतं, ते धक्क्याकडे होईल. एवढंच ना?"

"एवढंच असतं तर मी शेडमध्येच उलटी केली नसती?"

तिने फळी फिरवली. मागून होडी छान वर आली होती, धक्क्याकडे परतणारी. पण तिच्याखाली सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, व्हर्ना, हात लावायचा नाही.

मंगलला हसू आवरेना. व्हर्नाही हसली, मग डोळे पुसले.

"आतल्या बाजूला ठेवणार होते. त्याचं त्याच्यापाशी. आता वर येणार, पाद्रीबाबांपुढे, पोरांपुढे. काचकागदाने घासल्याशिवाय तेल लावता येत नाही, आणि घासलं की हे गेलं. त्याच्या हाताचं घरात दुसरं काही नाही. लिहायचा कुठे तो!"

घासायचं की ठेवायचं हे मंगलने सांगण्यासारखं नव्हतं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कप नदीच्या पाण्यात विसळून ठेवले.

दोघी उठल्या. लाकडं भरलेला एक ट्रक धूळ उडवत गेला. व्हर्नाने आता फळी काखेत घेतली होती. चर्चचं पांढरं कुंपण दिसू लागलं तशी ती थांबली.

"पोरांनी वाचलं तर वाचू दे. हसतील, दुसरं काय. चाळीस वर्षं मी ऐकलंच ना ते."

"बरं होईल."

"पण घासायला तर हवंच. कडेकडेने, होडीभोवती, अक्षरांना न लागता. माझा हात बघतेस ना?" तिने फळी मंगलपुढे धरली. "तू घास. आजच घेऊन जा. आणि तेल लावताना त्या ओळीवर चिंधी फिरवू नकोस, नुसता थेंब सोड. करशील ना, पोरी?"