कुसुममावशींचं मत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि समीरला — ज्याला खरं तर सांगायला हवं होतं — त्याला तर नाहीच.

समीर म्हणजे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधला आमचा शेजारी, कुसुममावशी त्याची आई. २००४ मध्ये मावशी सिटिझन झाल्या आणि मतदानाच्या दिवशी समीर नेमका टूरवर. मीच म्हटलं, मी नेते त्यांना. मोठ्या तोंडाने म्हटलं!

प्रेसिडेंट कोण होतो याचं मावशींना फारसं पडलेलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष लेफ्टनंट गव्हर्नरवर, म्हणजे राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखालच्या पदावर. नागपूरच्या शाळेत जन्मभर उपमुख्याध्यापिका होत्या ना — म्हणायच्या, दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे कोणी बघत नाही गं, मी बघणार. लायब्ररीत बसून, डिक्शनरी उघडून, सगळे उमेदवार वाचून काढले त्यांनी. मला? मला नावंसुद्धा माहीत नव्हती.

शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि मतदानाच्या लायनीत माझा मॅनेजर दिसला. मी मावशींकडे पाहिलं. साडीवर समीरचं ढगळ जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा — मत दिलं की सगळ्यांना वाटणार होत्या. त्या लायनीत! त्याच्यासमोर! मला लाज वाटली. हो, लाजच. दुसरा शब्द कशाला शोधू?

तुम्ही बसा, मी आत विचारून येते, म्हटलं. विचारलं काहीच नाही. एकटीने मत दिलं, मॅनेजरशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत येऊन सांगितलं — मावशी, तुमचं रजिस्ट्रेशनच झालेलं नाही म्हणतात.

मावशी म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलं असणार. समीरला नको सांगूस, उगाच हळहळेल. मी 'बरं' म्हटलं. कसं म्हणवलं मला?

पुढच्या निवडणुकीपर्यंत मावशी राहिल्या नाहीत. त्यांचं ते पहिलं मत, तेच शेवटचं — आणि तेही झालं नाही.

अजून एक राहिलंय. गाडी सुरू करताना त्यांनी विचारलं, "तू तरी लेफ्टनंट गव्हर्नरला नीट बघून दिलंस ना?"

तो रकाना मी कोरा सोडला होता.

"हो मावशी."

त्यांनी डबा उघडला, तोंड गोड कर म्हणाल्या. आणि मी तो लाडू खाल्ला.