माईकला मानपान कळत नाही

आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. शाळेने तिला वर्गावरून काढून ऑफिसात बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

त्याआधी नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत तिला सगळे माईकवाली म्हणत. बायकांच्या गाणाऱ्या मंडळाची ती म्होरकी. बुद्धपौर्णिमेच्या आधी आमच्या पुढच्या खोलीत ती सगळ्यांची गाणी कॅसेटवर उतरवून घेई. रेडिओच्या चाचणीत कुणीतरी तिला ‘आवाज घरगुती आहे’ असं सांगून परत पाठवलं होतं. ती घरी येऊन म्हणाली, “घरगुती ना? मग घरातच रेकॉर्ड करू.”

रेकॉर्डिंगच्या दिवशी खिडक्यादारांवर गोधड्या टांगल्या जात, पंखा बंद होई, टिकटिकणारं घड्याळ स्वयंपाकघरात जाई. माईकला ती माझं लहानपणीचं टोपडं घाली, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. काम झालं की मलमलीने पुसून, तांदळाच्या पुरचुंडीसोबत डब्यात बंद. ओल तांदळाने प्यावी, माईकने नाही. एकदा वसाहतीतले एक पुढारी भाषण रेकॉर्ड करायला आले. त्यांनी माईकवर टिचकी मारली आणि दोनदा फुंकलं. आत्याने माईक उचलून डब्यात ठेवला. “साहेब, फुंकर चुलीला मारतात,” ती म्हणाली. भाषण राहिलंच.

तिची खरी पद्धत जमिनीवर दिसे. माईक एकच, बायका सात-आठ. प्रत्येकीने कुठे उभं राहायचं ते ती रांगोळीच्या ठिपक्यांनी आखून देई. हळू आवाजाची माईकजवळ, मोठ्या आवाजाची लांब. ती स्वतः सगळ्यांत मागे, दाराशी उभी राही. मंडळातल्या मोठ्या आवाजाच्या सुभद्राकाकूंना हे कधीच पटलं नाही.

“मी लासलगावच्या कांद्याच्या लिलावात वाढलेली बाई. मला मागं ढकलती व्हय?”

“काकू, माईकला मानपान कळत नाही.”

“मग त्याला शिकव की! एवढी मास्तरीण हायेस ना?”

बायका हसत, काकू धुसफुसत मागे जात.

ऑपरेशननंतर तिच्या गळ्यात फक्त कुजबुज उरली. वडील तिचे धाकटे भाऊ. तिच्या काळजीनेच ते म्हणाले, “अक्का, तो माईक कुणाला तरी देऊन टाक. रोज डोळ्यांसमोर कशाला?”

ती कुजबुजली, “गळा गेलाय. कान शाबूत आहेत.”

पुढच्या पौर्णिमेआधी गोधड्या पुन्हा टांगल्या गेल्या. आत्याने ठिपके घातले. बायका आपापल्या जागी गेल्या, तरी एक ठिपका मोकळाच राहिला. अगदी माईकलगतचा, सगळ्यांच्या पुढचा.

“हा कुणाचा?” काकूंनी विचारलं.

आत्या त्या ठिपक्यावर जाऊन उभी राहिली.

वडील आतून आले. “अक्का, ही कॅसेट मंडपात लावतात. लोक हसतील गं.”

“हसू देत. ते गोधडीच्या पलीकडे.” मग बायकांकडे वळून तिने जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, “हळू आवाज कुठे उभा राहतो?”

“माईकजवळ,” एक-दोघी म्हणाल्या.

“मग?”

सुभद्राकाकूंनी पदर खोचला, स्वतःचा ठिपका सोडला आणि त्या थेट उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. “तुझ्यावर माझा आवाज नको पडायला. पण गाणार मी मोठ्यानंच, सांगून ठेवते.”

आत्याने तोंड माईकच्या समोर नेलं नाही. कुणाच्या कानात सांगावं तसं ती बाजूने, तिरकी वाकली. सगळ्या गात होत्या, ती तेच शब्द श्वासावर म्हणत होती. खोलीत तिचं काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, वाया गेलं.

मग तिने कॅसेट मागे घेऊन लावली. आधी तिची कुजबुज आली, शब्द न् शब्द, आणि तिच्या मागून बाकीच्या सगळ्या. वडील ऐकत राहिले. पौर्णिमेला मंडपात ती कॅसेट त्यांनी स्वतः लावली. दोघं-तिघं हसले. आत्या पहिल्या रांगेत बसून होती.

त्यानंतर दर वर्षी तो ठिपका तिचाच राहिला, ती जाईपर्यंत.

काकूही आता नाहीत. टोपडं विरलं. माईक डब्यात आहे, तांदूळ मी बदलते, पण तो चालत नाही. कॅसेट चालते. तिच्यात सगळ्यांत पुढे आत्याचा आवाज आहे.